नवी ऑफ-रोड गाडी: बदलांची सुरुवात जमिनीकडून

नवी थार किंवा जिम्नी दारात उभी राहिली की पहिल्या आठवड्यातच प्रश्न सुरू होतो: आता हिला काय काय लावायचं? ॲक्सेसरीजच्या दुकानात उत्तर तयार असतं. पुढे जाडजूड लोखंडी बंपर, छपरावर कॅरिअर, त्यावर एलईडीची लांब पट्टी, दोन्ही बाजूंना फूटस्टेप आणि मडगार्डच्या बाहेर आलेली रुंद चाकं. गाडी रुबाबदार दिसू लागते. पण जुलैमध्ये सह्याद्रीच्या कुशीतल्या एखाद्या पाणंदीत ती रुतते, तेव्हा यातली एकही वस्तू तिला बाहेर काढत नाही. उलट वाढलेलं वजन तिला आणखी खाली बसवतं आणि खाली आलेले फूटस्टेप मातीत घुसतात.

म्हणून बदलांचा क्रम जमिनीकडून वर असावा. पहिला पैसा जिथे गाडी जमिनीला टेकते तिथे, म्हणजे चाकात आणि चाकातल्या हवेत. मग गाडीचं पोट, मग स्प्रिंगा आणि शॉकअब, त्यानंतर बंपर, आणि सगळ्यात शेवटी छप्पर. या क्रमाने गेलं तर खर्च कमी होतो, वॉरंटी आणि विमा बहुतांशी शाबूत राहतो आणि गाडी खरोखर पुढे जाते.

कंपनीने काय दिलं आहे?

काही विकत घेण्याआधी गाडीत आधीच काय आहे ते समजून घ्यायला हवं. नाशिकला तयार होणारी दुसऱ्या पिढीची थार 2 ऑक्टोबर 2020 ला बाजारात आली. तिच्या फोर-व्हील-ड्राइव्ह रूपात 226 मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स आणि 650 मिलिमीटर खोल पाण्यातून जाण्याची क्षमता कंपनीने दिली आहे. त्यासोबत तीन कोन दिलेले असतात. पुढचा कोन 41.8 अंश, मागचा 36.8 अंश आणि मधला 27 अंश. समोर चढ आला की बंपर आधी टेकेल की चाक, हे पुढचा कोन सांगतो. उतारावरून सपाटीला येताना मागचा बंपर घासेल का, हे मागचा कोन सांगतो. शेताचा बांध ओलांडताना पोट टेकेल का, हे मधला कोन सांगतो. तिन्हींत सगळ्यात कमी आकडा मधला आहे. म्हणजे या गाडीची पहिली अडचण बहुतेक वेळा पोटाखाली येणार, हे कंपनीच्या तक्त्यातच लिहिलेलं आहे. तिथेच फूटस्टेप लटकवले तर मुळात कमी असलेला कोन आणखी कमी होतो.

दुसरी गोष्ट, गाडी खरोखर फोर-व्हील-ड्राइव्ह आहे का? जानेवारी 2023 पासून थार फक्त मागच्या चाकांवर चालणाऱ्या रूपातही मिळू लागली. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. फक्त मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीवर कितीही खर्च केला तरी पुढची चाकं ओढणार नाहीत आणि फोर-लो गिअर येणार नाही. ज्यांना रानावनात जायचंच आहे त्यांनी हा निर्णय गाडी बुक करतानाच घ्यायचा असतो.

तिसरी गोष्ट म्हणजे डिफरन्शियल. साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक हवेत किंवा चिखलात गेलं की तेच गरगर फिरत राहतं आणि पकड असलेलं चाक स्वस्थ बसतं. थार, जिम्नी यांच्यात फिरणाऱ्या चाकाला आपोआप ब्रेक लावून जोर दुसऱ्या चाकाकडे वळवण्याची सोय आहे. थारच्या काही व्हेरियंटमध्ये मागे आपोआप लॉक होणारं यांत्रिक डिफरन्शियलही मिळतं. फोर्स गुरखाला पुढे आणि मागे, दोन्हीकडे चालकाने स्वतः लावायचे लॉक आहेत. यातल्या आपोआप चालणाऱ्या यंत्रणांना काम सुरू करायला क्षणभर वेळ लागतो. चाक फिरू लागताच घाबरून ॲक्सिलरेटर सोडला तर ती यंत्रणा जागीच होत नाही. पाय हलका पण स्थिर ठेवला तर एक-दोन सेकंदांत दुसरं चाक पकड घेतं आणि गाडी निघते. हे आधी शिकलं की कित्येकदा महागडा लॉकर घ्यायची गरजच उरत नाही.

पहिला खर्च: हवा

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात परिणामकारक बदल म्हणजे टायरमधली हवा कमी करणं. त्यासाठी एक चांगला प्रेशर गेज, हवा सोडण्याचं साधन आणि गाडीच्या बॅटरीवर चालणारा कंप्रेसर लागतो.

हिशेब करून पाहा. माणसं आणि सामान धरून गाडी 1,800 किलोची आहे असं समजू. एका चाकावर साधारण 450 किलो भार येतो. टायरमध्ये 32 पीएसआय हवा आहे, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे सव्वादोन किलो दाब. तो भार पेलायला टायर जमिनीला सुमारे 200 चौरस सेंटिमीटर टेकतो. हवा 18 पीएसआयवर आणली की तोच भार पेलायला सुमारे 355 चौरस सेंटिमीटर लागतात. टायरच्या स्वतःच्या ताठपणामुळे प्रत्यक्षातले आकडे थोडे बदलतात, पण टेकणारी जागा दीडपटीहून जास्त होते हे नक्की. ही वाढ रुंदीपेक्षा लांबीत जास्त होते, त्यामुळे टायरच्या नक्षीचे जास्त ठोकळे एकाच वेळी जमीन धरतात. भाताच्या चिखलात पायाखाली फळी घेतली की माणूस कमी रुततो, तसंच हे आहे. खडकावर याचा दुसरा फायदा होतो. मऊ झालेला टायर धोंड्याच्या आकाराप्रमाणे वाकतो, त्याला धरतो आणि आत बसणाऱ्यांना हिसके कमी बसतात.

खडकाळ, मुरमाड वाटेसाठी 20-22 आणि चिखलासाठी 18 पीएसआयच्या आसपास ही बरी सुरुवात आहे. 15 च्या खाली गेलं की जोरात वळताना टायर रिमवरून निसटायची भीती असते. डांबरी रस्त्यावर परत येताच हवा भरायलाच हवी. कमी हवेचा टायर वेगात धावला तर त्याची बाजूची भिंत सारखी दुमडते, तापते आणि फुटते. छोट्या कंप्रेसरला चारही चाकं भरायला अर्धा तास लागू शकतो. तेवढा वेळ धरूनच परतीची वेळ ठरवावी.

दुसरा खर्च: सुखरूप बाहेर पडणं

गाडी अडकणारच, हे गृहीत धरून दुसरा खर्च तिला ओढून काढायच्या सामानावर करावा. यात पहिली गोष्ट म्हणजे ओढायचा मजबूत बिंदू. कंपनीने दिलेला हुक कशासाठी आहे, हे मॅन्युअलमध्ये पाहा. काही हुक गाडी ट्रकवर बांधून नेण्यापुरते असतात, काही बंद पडलेली गाडी रस्त्यावर सरळ ओढण्यापुरते. चिखलात बसलेल्या गाडीला लागणारा जोर त्याहून कितीतरी मोठा असतो. चासीला बोल्टने पक्का बसवलेला, भार लिहिलेला रिकव्हरी हुक पुढे एक आणि मागे एक असावा. ट्रेलर जोडायच्या गोळ्याला कधीही दोर बांधू नये. तो तुटला तर ताणलेल्या दोरासह बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो, आणि अशा अपघातांत माणसं गेली आहेत.

दुसरी गोष्ट, ताणला जाणारा कायनेटिक दोर. तो थोडा लांबतो आणि झटका न देता जोर लावतो. लोखंडी साखळी किंवा ट्रॅक्टरचा वायररोप ताणत नाही, म्हणून सगळा झटका हुकावर येतो. दोराची ताकद गाडीच्या भरलेल्या वजनाच्या दोन ते तीन पट असावी. दोर जोडायला दोरीचे मऊ शॅकल घ्यावेत. ते हलके असतात आणि सुटले तरी लोखंडाइतकी इजा करत नाहीत. ओढताना दोरावर ओलं पोतं किंवा जाड घोंगडी टाकावी आणि बघ्यांना दोराच्या लांबीच्या दीडपट तरी लांब उभं करावं. आपल्याकडे गाडी रुतली की दहा माणसं मदतीला धावून येतात. त्यांच्या जिवाची जबाबदारी गाडी आणणाऱ्याचीच असते.

याशिवाय फावडं, चाकाखाली सरकवायच्या दोन ट्रॅक्शन पट्ट्या आणि जॅकखाली ठेवायला जाड लाकडी फळी हवी. फळी नसेल तर मऊ मातीत गाडी उचलण्याऐवजी जॅकच खाली जातो. आणि सगळ्यात मोठी सोय म्हणजे सोबत दुसरी गाडी. एकट्याने अनोळखी वाटेला जाणं टाळलं तर या सामानातलं निम्मं पुष्कळ काळ वापरावं लागत नाही.

तिसरा खर्च: टायर

कंपनीचे टायर बहुधा रस्त्याचा विचार करून दिलेले असतात. ते झिजेपर्यंत वापरावेत, तोवर आपलं खरं फिरणं कुठे आहे ते कळतं. मग निवड सोपी होते. ऑल-टेरेन टायरची नक्षी मध्यम खोल असते. त्याला मुरूम, दगड, हलका चिखल जमतो आणि पावसात डांबरावरची पकडही बरी राहते. मड-टेरेन टायरचे ठोकळे मोठे आणि मधल्या खाचा रुंद असतात. चिखलात तो सरस, पण ओल्या डांबरी रस्त्यावर ब्रेक लागायला जास्त अंतर घेतो आणि आवाज करतो. आठवडाभर ऑफिसला, शनिवारी घाटाला आणि वर्षातून काही वेळा रानात, असं फिरणं असेल तर ऑल-टेरेन पुरे.

जमीनही पाहावी लागते. कोकणातली जांभ्याची तांबडी माती वरून निसरडी असते, खाली बहुधा टणक थर मिळतो. तिथे फार रुंद नसलेला टायर वरचा लगदा कापून खालची पकड घेतो. देशावरची काळी माती वेगळी. तिच्यातले चिकणमातीचे कण पाणी पिऊन फुगतात आणि टायरच्या खाचा भरून टाकतात. काही मीटरांत मड-टेरेनही गुळगुळीत होतो. भिजलेल्या काळ्या रानात थांबून परत फिरणं हाच उपाय. तिथे केलेल्या चाकोऱ्या वाळल्या की शेतकऱ्याच्या बैलगाडीला आणि ट्रॅक्टरला वर्षभर त्रास देतात.

साइज वाढवायचा मोह इथे फार होतो. थारचा 255/65 आर18 टायर सुमारे 789 मिलिमीटर उंच आहे. 33 इंची, म्हणजे 838 मिलिमीटरचा टायर लावला तर डिफरन्शियल जमिनीपासून फक्त अडीच सेंटिमीटर वर जातं. पण त्याच वेळी गिअर सहा टक्क्यांनी लांब होतात. स्पीडोमीटर 100 दाखवत असताना गाडी 106 ने धावते. चढावर जोर कमी पडतो, उतारावर इंजिनचा ब्रेक कमी लागतो आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर आतल्या प्लॅस्टिकला घासू शकतो. मागच्या दारावर टांगलेली जड स्टेपनी बिजागऱ्यांवर ताण देते, ते वेगळंच.

एक पर्याय थारमध्येच दडलेला आहे. कंपनीने दुसऱ्या व्हेरियंटला 245/75 आर16 टायर दिला आहे. त्याची उंची 774 मिलिमीटर, म्हणजे क्लिअरन्स जेमतेम सात मिलिमीटरने घटतो. पण टायरची बाजूची भिंत 166 वरून 184 मिलिमीटर होते. हवा कमी केल्यावर दुमडायला जास्त रबर मिळतं आणि दगडावर रिम वाकायची भीती कमी होते. रानात 18 इंची चकचकीत रिमपेक्षा 16 इंची रिम उपयोगी आहे, आणि साइज त्याच मॉडेलला मूळ कंपनीने दिलेला असल्यामुळे तो आरटीओपुढे समर्थनीय ठरतो. रिम निवडताना ऑफसेटही मूळचाच ठेवावा. चाक बाहेर काढलं की व्हील बेअरिंगवर ताण वाढतो आणि चिखल थेट दारांवर उडतो.

चौथा खर्च: पोट आणि श्वास

मधला कोन 27 अंशांचाच आहे, तेव्हा पोट कधीतरी घासणार. इंजिनचा ऑइल संप, गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर केस यांच्याखाली जाड पत्रा हवा. ऑइल बदलायला त्याला झाकण असलेलं भोक आहे का, आणि साचलेला चिखल काढता येतो का, हे बसवण्याआधी पाहावं. फूटस्टेपऐवजी रॉक स्लायडर घ्यावेत. फूटस्टेप पाय ठेवायला असतो. स्लायडर चासीला जोडलेला असतो आणि धोंड्यावर गाडीचं वजन पेलत घसरून जातो. फूटस्टेप दबला की दाराखालचा पत्राही आत जातो.

मग ब्रीदर. डिफरन्शियलमधून हवा आत-बाहेर जायला एक बारीक नळी असते. चालून तापलेलं डिफरन्शियल ओढ्याच्या गार पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते. नळीचं तोंड खालीच असेल तर तिच्यातून किंवा ऑइल सीलमधून पाणी आत ओढलं जातं. पुढच्या सर्व्हिसिंगला प्लग उघडल्यावर काळपट ऑइलऐवजी दुधट पातळ द्रव बाहेर येतो, तोवर गिअर आणि बेअरिंग कित्येक दिवस त्यात फिरलेले असतात. नळी लांबवून तिचं तोंड बॉनेटच्या उंचीला न्यायला फार पैसे लागत नाहीत. वारंवार पाण्यात जाणाऱ्यांनी हे काम स्नॉर्कलच्या आधी करावं.

स्नॉर्कल इंजिनला उंचावरून हवा देतो. पाणी हवेसारखं दाबलं जात नाही. ते सिलिंडरमध्ये गेलं की वर येणारा पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. त्यामुळे पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्टर मारून चालू करू नये. पण स्नॉर्कल लावला म्हणून खोली वाढत नाही. दारं, इलेक्ट्रिकल जोडण्या, क्लच मूळच्याच उंचीला असतात. आणि वाहतं पाणी खोलीपेक्षा वेगाने मारतं. दोन फूट वाहतं पाणी बहुतेक गाड्या ढकलून नेतं. पुलावरून पाणी जात असेल तर कुठलाही बदल केलेली गाडी तिथे नेऊ नये.

उंची, वजन आणि लोखंड

लिफ्ट किटबद्दल एक गैरसमज पक्का बसला आहे. थारचा मागचा ॲक्सल अखंड आहे, आणि जिम्नीचे पुढचा-मागचा दोन्ही. अशा ॲक्सलवर स्प्रिंग उंच केली तर बॉडी वर जाते, डिफरन्शियल मात्र होतं तिथेच राहतं, कारण ते चाकांना धरून आहे. तीन कोन सुधारतात, पण चाकोरीतला मधला उंचवटा डिफरन्शियलला तसाच घासतो. थारच्या पुढच्या बाजूला स्वतंत्र सस्पेन्शन आहे. तिथे लिफ्टमुळे ड्राइव्ह शाफ्टचा कोन तीव्र होतो आणि सीव्ही जॉइंटचे रबरी बूट लवकर फाटतात. गुरुत्वमध्य वर गेल्याने घाटातल्या वळणावर गाडी जास्त कलते. म्हणून पहिल्या वर्षी लिफ्ट नको. पुढे सामान कायमचं वाढलं आणि गाडी मागून बसू लागली, तर त्या वजनाच्या स्प्रिंगा आणि शॉकअब घ्यावेत.

लोखंडी बंपर चाळीस-पन्नास किलोंचा, विंच आणखी तीस-चाळीस. बाराशे किलोंच्या जिम्नीत, जिच्या इंजिनचा टॉर्क 134 न्यूटन मीटर आहे, हे वजन चालवताना लगेच जाणवतं. ज्यांचं फिरणं एकट्याचं आणि अवघड वाटेचं आहे, त्यांना विंच लागतो. तो गाडीच्या भरलेल्या वजनाच्या किमान दीडपट ओढणारा असावा. झाडाला तार थेट गुंडाळू नये, रुंद पट्टा वापरावा, नाहीतर साल कापून झाड मरतं. छपरावरचं वजन सगळ्यात वाईट. तिथले वीस किलो बूटमधल्या वीस किलोंपेक्षा गाडीला कितीतरी जास्त कलवतात.

दिव्यांची पट्टी तर छपरावरच बसते. पावसाळ्यात घाटातल्या धुक्यात उंचावरचा पांढरा प्रकाश धुक्यावर आपटून चालकाच्याच डोळ्यांवर येतो आणि समोरच्याला आंधळं करतो. खाली बसवलेले, नीट रोख दिलेले फॉग लॅम्प जास्त कामाचे. कोणताही दिवा रिले आणि फ्यूजमधूनच जोडावा. मूळ वायर कापून दिलेला जोड आगीचं कारण होऊ शकतो.

कायदा आणि जमीन

मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार, आरसीवरच्या आणि उत्पादकाच्या मूळ नोंदींशी विसंगत बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हे पुन्हा ठळक केलं. डिसेंबर 2017 मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना बुल बारवर कारवाई करायला सांगितलं. धडकेत असा बार पादचाऱ्याला जास्त इजा करतो आणि एअरबॅगच्या सेन्सरपर्यंत धक्का नीट पोचू देत नाही, हे त्यामागचं कारण. विमा कंपनीला प्रत्येक बदल लेखी कळवावा, नाहीतर दाव्याच्या वेळी वाद होतो. कंप्रेसर, दोर, फावडं, ट्रॅक्शन पट्ट्या यांना यातलं काहीच लागू नाही. ती सामानात मोडतात.

गाडी जाऊ शकते म्हणून ती न्यावीच असंही नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला ऑलिव्ह रिडले कासवं वाळूत अंडी घालतात. वाळूवरून गेलेलं चाक ती घरटी दाबतं. गोव्यात किनाऱ्यावर गाडी नेण्यास बंदी आहे. कासच्या सड्यावर खडकावरचा मातीचा थर काही सेंटिमीटरांचाच असतो, आणि सगळी फुलं त्यावर जगतात. अशा ठिकाणी गाडी पायवाटेच्या अलीकडेच थांबवायची.

पहिल्या वर्षी हवेचं सामान, रिकव्हरीचं सामान आणि पोटाखालचा पत्रा एवढंच घ्या. गाडीत एक वही ठेवा. जिथे गाडी अडली तिथे एक ओळ लिहा: टायर फिरला, पोट टेकलं, पुढचा बंपर आदळला, डिफरन्शियल घासलं, की नुसती हवा कमी करायची राहिली? दोन पावसाळ्यांनंतर त्या वहीत एकच तक्रार पुन्हा पुन्हा दिसेल. पुढचा खर्च तिच्यावर करा.